एमटीबी परत सुरू करताय? २६ वरून २९ वर जाताना काय काय बदलतं ते

२००८-१० च्या आसपास ज्यांनी मनापासून एमटीबी (माउंटन बाइक, डोंगरातली सायकल) चालवली आणि मग नोकरी, लग्न, पोरं, बदल्या यात सायकल जिन्याखाली गेली ती गेलीच, अशी बरीच मंडळी आपल्या साताऱ्यात आहेत. आता सकाळी यवतेश्वर घाटात पळणारे आणि सायकलवाले बघून त्यांना परत खुमखुमी येतेय. चांगलंच आहे. पण दुकानात गेलं की पहिला गोंधळ चाकांचा, कारण आपल्या वेळी एमटीबी म्हणजे २६ इंची चाक, दुसरं काही नव्हतंच, आणि आता जरा बऱ्यापैकी सायकल बघायला जावं तर २६ दिसतच नाही, सगळं २९ नाहीतर २७.५. दुकानदार म्हणतो २९ घ्या, मित्र म्हणतो तुझी उंची कमी आहे २७.५ घे, युट्यूबवर कोणीतरी सांगतो पुढे २९ आणि मागे २७.५ लावा, आणि या सगळ्यात माणूस इतका वैतागतो की सायकल काढायचं राहूनच जातं.

माझं म्हणणं असंय की मोठ्या चाकाची सवय दोन-चार राइडमध्ये होऊन जाते, त्याची चिंता नको. सुटत नाहीत त्या २६ वर लागलेल्या जुन्या सवयी, म्हणजे उतार आला की वजन मागे टाकायचं, नजर चाकाच्या पुढ्यात ठेवायची, आणि वळण अगदी अंगावर आलं की मग हँडल फिरवायचं. या सवयींवर काम केलंत तर कुठलंही चाक चालेल, नाही केलंत तर लाखाची सायकल पण पाडेल.

नवीन सायकल लगेच घेऊ नका. आधी जुनी बाहेर काढा आणि महिना दीड महिना तीच चालवा, दम, मनगटं, तळवे, कंबर हे सगळं परत जागेवर यायला तेवढा वेळ लागतोच, आणि तेवढ्यात तुम्हाला कळेल पण की तुमचं चालवणं खरंच डोंगरातलं आहे की डांबरावरनं बोगद्यापर्यंत जाऊन यायचं. चाळिशी ओलांडली असेल तर बीपी तपासून घ्या आणि सुरुवातीला चढावर बोलता येईल इतक्याच दमानं चालवा, बोलताना वाक्य तुटायला लागलं की गिअर हलका करा.

पण जुनी काढली, पुसली, हवा भरली आणि थेट अजिंक्यताऱ्यावर नेली असं करू नका. टायरची बाजू बोटांनी वाकवून बघा, बारीक भेगा पडल्या असतील तर नक्षी कितीही शाबूत असू दे, टायर गेला. चेनला स्टीलची पट्टी लावा, पिनेच्या मध्यापासून १२ इंचावर बरोबर पिनेचाच मध्य यायला पाहिजे, १/१६ इंच पुढे गेला असेल तर चेन बदला, १/८ गेला असेल तर मागचे दातेही झिजलेत असं समजा. पुढचा ब्रेक धरून हँडल खाली दाबा, फोर्क (पुढचं चाक धरणारा काटा) अडखळत खाली जात असेल तर आत तेल आणि सील दोन्ही संपलेत. हायड्रॉलिक ब्रेक असतील तर लिव्हर हँडलला टेकतो का बघा, आणि तेल भरायची वेळ आली तर कुठलं ते आधी विचारा, शिमानो कंपनीच्या ब्रेकला मिनरल ऑइल लागतं, एव्हिडच्या जुन्या ब्रेकला डॉट फ्लुइड, एकाचं दुसऱ्यात गेलं की आतले सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो. हेल्मेट जुनं वापरू नका, नवीन घ्या, आणि जुने बूट असतील तर सोल ओढून बघा, पडून राहिलेल्या बुटाचा सोल पहिल्याच राइडला सुटून येतो.

आता आकडे. साताऱ्यात किंवा सांगलीत, कुठेही साध्या सायकल दुकानात जाऊन नुसतं "२६ चा टायर द्या" म्हणालात तर भलताच टायर मिळू शकतो, कारण २६ × १ ३/८ हा जुन्या लेडीज सायकलचा टायर पण २६ च म्हणवला जातो आणि तो एमटीबीच्या रिमवर बसत नाही. म्हणून इंच सोडा आणि टायरच्या बाजूवर ५४-५५९ असा जो जोड आकडा असतो तो वाचा. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये, आणि दुसरा म्हणजे टायर रिमवर जिथे बसतो तिथला व्यास. एमटीबीचं २६ म्हणजे ५५९, २७.५ म्हणजे ५८४, २९ म्हणजे ६२२. यातनं एक गोष्ट दिसते जी दुकानात कोणी सांगत नाही, २७.५ हे बरोबर मधलं नाहीये, ते २६ पेक्षा २५ मिलिमीटरच मोठं आहे आणि २९ पेक्षा ३८ नं लहान, म्हणजे ते २६ च्या जास्त जवळचं भावंड आहे. आणि त्या लेडीज सायकलचा आकडा ५९०, म्हणजे नावाला २६ असून २७.५ पेक्षा मोठा. दूधवाल्यांच्या काळ्या सायकलचं २८ × १ १/२ म्हणजे ६३५, ते तर रिमच्या मापात २९ पेक्षाही मोठं. तेव्हा एवढ्या मोठ्या चाकाची भीती वगैरे काही नको, आपल्या आजोबांनी उसाच्या फडातनं त्याहून मोठ्या रिमचं चाक हाकलंय.

एक कामाची गोष्ट, २९ ची रिम आणि हायब्रिडची (मुख्यतः रस्त्यावर चालवायची सायकल) ७००सी मापाची रिम एकाच व्यासाची, ६२२. अडीअडचणीला हायब्रिडची जरा रुंद ट्यूब २९ मध्ये घालून घरी येता येतं. २६ ची ट्यूब ताणून २७.५ ला पण चालून जाते, घरी पोचेपर्यंत.

चाक मोठं झालं की खऱ्या अर्थानं काय बदलतं ते आता. दगडावरनं जाणं सोपं होतं हे सगळे सांगतात आणि ते खरं आहे, पण किती? १० सेंटीमीटरचा दगड धरला तर २६ चं चाक त्याला साधारण ४६ अंशात धडकतं आणि २९ चं ४३ च्या थोडं वर. कागदावर दोन-अडीच अंशांचाच फरक. पण चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांच्या मधनं मुरमाचे, डबराचे रस्ते गेलेत तिथे असा दगड दर दोन हातावर येतो, आणि दरवेळी थोडा थोडा वेग वाचत जातो, तेव्हा तासाभरानं पाय किती उरलेत यात तो फरक कळतो. याचीच दुसरी बाजू म्हणजे वेग मरत नाही, त्यामुळे वळणावर तुम्ही तुमच्या अंदाजापेक्षा जोरात पोचता. २६ वर खडखडाट व्हायचा म्हणून माणूस आपोआप सावध असायचा, २९ वर तो इशारा मिळत नाही. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, सरळ रेषेत असतानाच उरकून घ्यायचा आणि वळणात शिरताना बोटं सैल.

चढाचं मात्र नीट ऐका, इथे बरेच जण नाराज होतात. २६ × २.१ चं (म्हणजे टायर २.१ इंच रुंद) चाक एका फेऱ्यात साधारण २०७ सेंटीमीटर जातं, २९ × २.२ चं २३०. म्हणजे तेच दाते ठेवले तर प्रत्येक पायडल साधारण ११ टक्के जड. आता जुनी आपली तीन प्लेटवाली सायकल घ्या, पुढची सगळ्यात लहान प्लेट २२ दात्यांची, मागची सगळ्यात मोठी चकती ३४ ची, पायडलच्या एका फेऱ्यात सायकल १.३४ मीटर जाते. नवीन २९, पुढे एकच ३२ ची प्लेट, मागे ती ताटाएवढी ५१ दात्यांची चकती, एवढं मोठं ताट बघून वाटतं आता भिंत पण चढेल, पण हिशोब केला तर १.४४ मीटर. म्हणजे जुन्या सायकलपेक्षा जडच! पुढची प्लेट ३० ची केली की १.३५ येतं, म्हणजे बरोबर जुन्याइतकं, आणि २८ ची केली की १.२६, गुडघे कुरकुरत असतील त्यांनी हीच घ्यावी. वरचा वेग जातो म्हणून घाबरू नका, पुढे ३० आणि मागे सगळ्यात लहान १० वर मिनिटाला ८० पायडल मारले तरी ताशी ३३ पडतात, मुरमावर याहून जास्त कोणाला पाहिजे?

आणि मध्यम किमतीच्या २९ मध्ये पुढे ३२ आणि मागे ४२ असं असतं, तिथे आकडा १.७५ होतो, जुन्या हलक्या गिअरपेक्षा ३० टक्के जड. स्वस्तातल्या २९ ला तर मागे १४-२८ चं फ्रीव्हील असतं, पुढे २४ असलं तरी १.९७. यवतेश्वरच्या डांबरावर कसंबसं निभेल, पण कच्च्या चढावर उतरून ढकलायची वेळ येणार. म्हणून सायकल बघताना चाकाच्या आधी दाते मोजा. पुढचे सगळ्यात कमी भागिले मागचे सगळ्यात जास्त, गुणिले २.३ (२९ चं चाक एका फेऱ्यात जातं ते मीटर), उत्तर १.४ च्या खाली असेल तर डोंगरातली सायकल. दुकानदाराला विचारायची गरजच नाही, मोबाईलवर होतं.

ब्रेकचं पण तसंच. चाक मोठं म्हणजे तोच ब्रेक, तीच डिस्क जरा कमी धरते, कारण रस्त्याचा जोर लांबून लागतो. जुन्या २६ ला १६० मिलिमीटरची डिस्क पुरायची, २९ वर वजनदार माणसाला पुढे १८० बरी, फोर्क घेत असेल तर. आणि उतारावर जायच्या आधी उभ्या उभ्या बघून घ्या की पुढचा ब्रेक कुठल्या हाताला आहे, आपल्याकडे सहसा उजव्या हाताला असतो पण काही बाहेरच्या सायकलींना डाव्या हाताला येतो, आणि घाबरल्यावर हात जुन्याच सवयीनं दाबला जातो.

आता मूळ मुद्दा, बसणं. जुन्या २६ चा पुढचा काटा बऱ्यापैकी उभा असायचा, ७०-७१ अंश, त्यात ९०-१०० मिलिमीटरचा लांब स्टेम (हँडल काट्याला जोडणारा तुकडा) आणि अरुंद हँडल. तीव्र उतारावर अशा सायकलवरनं माणूस हँडलवरून पुढे जायची भीती खरीच होती, म्हणून आपण सगळे सीटच्या मागे, पार मागच्या टायरवर लोंबायला शिकलो, आणि त्या सायकलवर ते बरोबरच होतं. आताच्या सायकलीत काटा ६५-६७ अंशावर झोपलेला, चाक तुमच्या बरंच पुढे, स्टेम ४०-५० चा, हँडल ७६० च्या पुढे. यावर मागे लोंबलात तर पुढच्या चाकावर भारच राहत नाही, आणि सुट्या मुरमावर वळताना पुढचं चाक घसरतं. पुढचं घसरलं की सावरायला वेळ मिळत नाही, माणूस सरळ आडवा. परत सुरू करणाऱ्यांचं पडणं मी बघितलंय ते बहुतेक असंच.

तर करायचं काय. दोन्ही पायडल आडव्या पातळीत, वजन पायांवर, गुडघे मोकळे, कमरेतून वाका आणि छाती हँडलच्या जवळ आणा, कोपरं बाहेरच्या बाजूला. उतरताना हात सरळ झालेत असं जाणवलं की समजायचं आपण मागे गेलो, परत पुढे या. सीट खाली घ्या, ड्रॉपर (बटण दाबून सीट खाली-वर करणारी दांडी) असेल तर उत्तमच, नसेल तर उतारापूर्वी थांबून क्लॅम्प सोडून हातानं खाली करा, दोन मिनिटं जातात पण सगळा उतार बदलतो. कमी उंचीच्यांना २९ वर अजून एक गोष्ट जाणवेल, मागचं चाक मोठं असल्यामुळे खूप मागे गेलं तर बुडाला टायर लागतो, मध्यावर राहिलात तर तो प्रश्नच येत नाही.

नजर. २६ वर चार-पाच मीटर पुढे बघून भागायचं कारण सायकल झटकन वळायची. २९ ला वळायला जरा जास्त जागा लागते, म्हणून आधी बघा आणि आधी सुरू करा. वळणाच्या सुरुवातीला नाही, वळण जिथे संपतं तिथे मान फिरवून बघायचं, बाहेरचा पाय खाली, त्यावर वजन, आणि सायकल आत झुकवायची पण स्वतः तेवढं झुकायचं नाही. नागमोडी पायवाटेला जितकं बाहेरून शिरता येईल तितकं बाहेरून शिरा, आतल्या कडेनं शिरलात तर मोठं चाक अर्ध्यात अडकतं आणि पाय टेकावाच लागतो.

चढावर उलटं होतं, काटा झोपलेला असल्यानं हळू वेगात पुढचं चाक इकडे तिकडे भटकतं. सीटच्या टोकावर सरका, छाती खाली घ्या, हँडल ओढू नका, लगेच सरळ चालते.

सराव कुठे करायचा? डोंगरात नाही. शेतातली पाणंद घ्या, ऊस तोडून गेलेला असला की मोकळी मिळते, दोन चाकोऱ्या आणि मध्ये उंचवटा, एका चाकोरीतनं दुसरीत जायचं, मग परत. माळावर दोन दगड ठेवून त्याभोवती इंग्रजी आठचा आकडा काढा, जमेल तसे दगड जवळ आणत जा. एक वीट आडवी ठेवा, आधी चाक न उचलता नुसतं गुडघे कोपरं सैल सोडून तिच्यावरनं जा, मग पुढचं चाक हलकं करून. २९ वर पुढचं चाक उचलायला जरा जास्त मागे ढकलावं लागतं आणि ते उशिरा उठतं, म्हणून लहानसहान दगडाला उचलायच्या फंदात पडायचंच नाही, चाकाला त्याचं काम करू द्या. चढाच्या सरावाला अजिंक्यताऱ्याचा डांबरी रस्ता चांगला, फक्त सकाळी फिरायला येणारे आजी-आजोबा खूप असतात, उतरताना घंटी आणि हळू. सांगली-मिरजकडच्यांना सपाट भाग म्हणून वाईट वाटायचं कारण नाही, दंडोबाचा डोंगर जवळच आहे.

हवेबद्दल बोलायलाच पाहिजे कारण आपल्याकडे अजून दगडासारखं कडक टायर म्हणजे चांगलं टायर. टायरवर छापलेला मोठा आकडा ही मर्यादा असते, तेवढी भरा असा सल्ला नसतो. ७० किलोच्या आसपासच्या माणसाला २९ × २.२५ मध्ये ट्यूब असेल तर २६ ते ३० पीएसआय, ट्यूबलेस असेल तर २२ ते २५, पुढे मागच्यापेक्षा दोन कमी. त्याच माणसाला २६ × २.१ ला ३० ते ३५ लागायचे, मोठ्या आणि रुंद टायरमध्ये हवा जास्त मावते म्हणून कमी दाबावर चालतं. बारीक वॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावरची हवा बसत नाही, छोटा पितळी अडॅप्टर येतो तो खिशात ठेवा. आणि सराटे आणि बाभळीचे काटे ज्या भागात आहेत, म्हणजे आपला पूर्वेकडचा सगळा, माण, खटाव, तिकडे जत, आटपाडी, तिथे ट्यूबलेस करून घ्याच, सीलंट (टायरच्या आत घालायचं, भोक बुजवणारं द्रव) उन्हाळ्यात लवकर वाळतं, दोन-तीन महिन्यांनी उघडून बघायचं.

शेवटी घ्यायची कुठली. शर्यतवाल्यांचा हा वाद केव्हाच घालून झालाय. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या एमटीबी शर्यतीत यारोस्लाव्ह कुल्हावीनं २९ वर सुवर्ण घेतलं आणि निनो शुर्टर २७.५ वर दुसरा आला, पुढे २०१६ ला रिओत शुर्टरनंच २९ वर सुवर्ण घेतलं. पुढे २९ मागे २७.५ हे युसीआयनं (जागतिक सायकलिंग संघटना) २०१९ पासून चालवून घेतलंय, ते मुख्यतः तीव्र उतारासाठी, आपल्याला सुरुवातीला त्याची गरज नाही. साडेपाच फुटाच्या पुढे असाल तर डोळे झाकून २९. पाच-तीन, पाच-चारच्या खाली असाल तर दोन्हीवर बसून बघा, सीटच्या पुढे उभं राहून फ्रेमची नळी लागत नाही ना, आणि हँडल पूर्ण वळवल्यावर बुटाचं टोक चाकाला लागत नाही ना, एवढं बघा. लहान मापाच्या फ्रेमला काही कंपन्या मुद्दाम २७.५ देतात, तो कमीपणा नाही.

जुन्या २६ च्या फ्रेममध्ये २७.५ ची चाकं बसवायची आयडिया बऱ्याच जणांच्या डोक्यात येते. व्ही-ब्रेक असतील तर विषयच नाही, पॅड रिमला पोचणारच नाहीत. डिस्क असेल तर कधीकधी बसतात, पण काट्यात आणि मागे जागा इतकी कमी उरते की काळ्या मातीचा चिखल लागला की चाक जाम. मला नाही पटत. त्यापेक्षा त्याच जुन्या २६ ला आखूड स्टेम, जरा रुंद हँडल आणि नवीन टायर घाला, पाच-सहा हजारात सायकल बदलल्यासारखी वाटते. जुनी चांगली चाकं नवीन फ्रेमला लावता येतील का, तर नाही, जुने हब (चाकाचा मधला भाग) पुढे १०० आणि मागे १३५ मिलिमीटरचे, आताचे बहुतेक ११० आणि १४८ चे.

कासला जाणार असाल तर पठारावर चाक घालू नका, डांबरावरच राहा. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे ते नंतर, पण ती माती जांभ्यावर वीतभर पण नाही, एका चाकाच्या चाकोरीत पुढच्या वर्षी फुलं येत नाहीत. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळं धरतं, त्यावर वळायचं पण नाही आणि ब्रेक पण नाही, सरळ निघून जायचं. ठोसेघर, बामणोली बाजूला संध्याकाळी उशीर करू नका, गवे असतात.

आणि त्या बाजूला एमटीबीचं सामान मिळेल असं दुकान नाही, तेव्हा ट्यूब, पंप, चेनची जोडकडी आणि मागच्या डिरेलरचा (गिअर बदलणारा भाग) हँगर, म्हणजे तो फ्रेमला जोडणारी पट्टी, बरोबर ठेवा. हँगर प्रत्येक फ्रेमचा वेगळा असतो आणि नंतर शोधताना जीव जातो, सायकल घेतानाच एक जादा मागून घ्या.